घट, तूट आणि बारदान

२०१८ सालापर्यंत आमच्या घराण्यात वजनाचा विषय निघायचा तो फक्त तंबाखूच्या बाबतीत. आक्का निपाणीला दिलेली, दाजींची तिथे वखार. त्यामुळे यंदा पोती किती आली, ओल किती निघाली, भाव काय लागला एवढंच बोलणं. माणसाच्या वजनाबद्दल कुणी बोललंच तर कौतुकाने. "तब्येत सुधारलीय की!" हे आमच्याकडे हार घालताना म्हणावं अशा सुरात म्हणतात. मुलूखच पडला पैलवानांचा. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा, तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान आणि मधल्या गावागावांतून तालमी. इथे वजन ही कमवायची गोष्ट. कमावलेलं घालवतो तो दिवाळखोर.

या परंपरेला सुरुंग लावला एका फोटोग्राफरने. भाचीच्या लग्नात घरच्यांचा ग्रुप फोटो काढायला आम्हाला स्टेजवर चढवलं. फोटोग्राफर दोन पावलं मागे गेला, मग चार गेला, मग खुर्च्या सरकवत आणखी मागे गेला आणि शेवटी जेवणाच्या हॉलच्या दारात उभारून तिथून ओरडला,

"आण्णा, जरा दाटून उभारा की!"

"दाटूनच उभारलोय."

"मग पोट तेवढं आत घ्या."

"घेतलंय," दाजी म्हणाले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. "घेतल्यावर हे एवढं हाय?"

अल्बम आला तेव्हा कळलं की डाव्या कडेला दाजी अर्धे आहेत आणि उजव्या कडेला मी अर्धा आहे. मधली माणसं पूर्ण. भाचीच्या सासूबाईंनी अल्बम बघून विचारलं म्हणे, "ह्ये मामा एकच काय? दोन्हीकडनं दिसतात."

त्या एका प्रश्नावर आक्का इतकी दुखावली की तिने सगळ्यांना फोन केले. धाकटा भाऊ कोथरूडला असतो. पुण्याला राहणारा माणूस प्रश्न पूर्ण ऐकायच्या आत उत्तर काढतो, त्यानेही काढलं: स्पर्धा. सहा जण, म्हणजे आक्का-दाजी, तो आणि भावजय, मी आणि ही. माणशी हजार रुपये जमा करायचे, संक्रांतीला ज्याचं वजन सर्वांत जास्त उतरलेलं त्याने सगळे घ्यायचे. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "मी ह्या वयात आता काय घटवू? वय?"

लग्न वैशाखात झालं आणि स्पर्धा सुरू व्हायला आश्विन उजाडला. मधला काळ नियमांत गेला. दाजी १०४ किलोंचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं हिशेब किलोत व्हावा. भावजय ५९ किलोंची. ती म्हणाली, "माझे दहा किलो गेले तर मागे उरेल काय? टक्केवारी धरा." दाजींना टक्केवारी शब्दच आवडत नाही, तो त्यांना सरकारी कामांत ऐकायला लागतो. शेवटी चिकोडीच्या काकांना आयोग म्हणून नेमलं. काका तहसीलदार कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि स्वतः जन्मभर काठीसारखे, म्हणजे तटस्थ.

एकसदस्यीय आयोगाचा आमच्या भागाला अनुभव आहे. १९६७ साली सीमावादावर महाजन आयोगाने निपाणी धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव शहर इकडे म्हैसूर राज्यातच ठेवा असं सांगितलं. महाराष्ट्राने ते फेटाळलं, निपाणी आणि बेळगाव दोन्ही होती तिथेच राहिली, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. दाजींना लहर आली की ते म्हणतात, "महाजनांच्या हिशेबानं आम्ही कवाच तिकडं गेलोय. तुमचं काय ते तुम्ही बघा." तर काकांचा अहवाल आला. पहिलं वाक्य होतं, 'उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले.' त्यापुढचं उभय पक्षांनी ऐकून घेतलं नाही. पुरुषांचा हिशेब किलोत, बायकांचा टक्क्यांत आणि दोहोंची तुलना 'तारतम्याने' करावी, अशी काकांची शिफारस होती. ती दाजींनी फेटाळली, भावजयीने फेटाळली, आणि बेंगळूरला असणाऱ्या माझ्या मुलीने, जी हिशेब ठेवणार होती, लिहून टाकलं की विषय न्यायप्रविष्ट आहे. हा शब्द मला पुढे फार उपयोगी पडला. रस्त्यात कुणी "किती उतरलं वजन?" विचारलं की मी तोच सांगत असे.

मुलीनेच व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सुरुवात नवरात्राच्या पहिल्या दिवशी म्हणून ग्रुपचं नाव 'घटस्थापना'. नाव वाचून तीन नातेवाईक आपण होऊन आत आले, देवीचे फोटो टाकू लागले, आणि एका मावशीने घट बसवायचा मुहूर्त विचारला. त्यांना बाहेर काढणं बरं दिसेना. ते आजही आहेत.

मग भावाने बीएमआय आणला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये आदोल्फ केतले म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी हे काढलं. ते डॉक्टर नव्हते. गणित आणि खगोलशास्त्र हा त्यांचा प्रांत. गोल वस्तूंचा अभ्यास होता म्हणायचं. माझं वजन ८० किलो, उंची पाच फूट पाच इंच. भागाकार आला २९.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात तिसाच्या आत म्हणजे नुसतं जादा वजन. भारतीय डॉक्टरांनी मात्र लठ्ठपणाची रेघ तिसावरून पंचविसावर आणून ठेवली आहे, कारण आपल्या लोकांना कमी वजनातही पोट सुटतं आणि मधुमेह लवकर धरतो. म्हणजे जगात मी जरासा भरलेला आणि भारतात लठ्ठ. पुण्याच्या मंडळींना याचं नवल वाटलं. आम्हाला नाही वाटलं. आमचे आजोबा ३१ ऑक्टोबर १९५६ला मुंबई राज्यात झोपले आणि दुसऱ्या दिवशी म्हैसूर राज्यात उठले; अंथरूण तेच. माणूस जागचा हलत नाही आणि रेघ हलते, याची घराण्याला सवय आहे.

वजन-मापांचा कायदाही त्याच १९५६चा. शेर-मण गेले आणि किलो आला. आईला राज्य बदलल्याचं दुःख कमी आणि मण गेल्याचं जास्त. तिचं बरोबर आहे. जुन्या सरकारी मणात मी जेमतेम सव्वादोन मणसुद्धा भरत नाही. ऐकायला किती आटोपशीर वाटतं!

आता आहार. ते वर्ष ज्यांना आठवतं त्यांना मराठी घरांत काय चाललं होतं ते सांगायला नको. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत उरका. मधे काही नको. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी खा, तूप-भाताला भिऊ नका, आपल्या गावात पिकतं ते खा. भाऊ दीक्षितांकडे गेला. त्यांच्या पुस्तकाच्या नावात पहिलाच शब्द 'विनासायास' आहे, तो त्याला इतका पटला की पुढे वाचायची गरज उरली नाही. तो ताटाशेजारी मोबाइलवर ५५ मिनिटं लावून बसायचा आणि ५४व्या मिनिटाला पंगतीत शेवटची जिलबी फिरवावी तशा आवाजात ओरडायचा, "अजून काही राहिलंय का?" भावजय दिवेकरांकडे. याची दोन जेवणं आणि तिची सहा खाणी असा शेगडीवर आठ वेळा भार. महिन्याभरात त्या घरात वजन उतरलं ते स्वयंपाकाच्या मावशींचं. त्यांनी काम सोडलं.

दाजींनी दोन्ही पंथांचा नीट अभ्यास केला आणि दोघांकडलं पटेल तेवढं घेतलं: दीक्षितांकडून 'काहीही खा' आणि दिवेकरांकडून 'तूप खा'.

मी आणि ही, आम्ही नवरात्राचे उपास धरले. उपासाबद्दल मराठी माणसाला सांगायचं ते पुलंनी 'बटाट्याची चाळ'मध्ये सांगून ठेवलंय, आणि पुल काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. काका त्यामुळे त्या प्रकरणाला स्थानिक संशोधन मानतात. आम्ही त्या संशोधनाला पुष्टी दिली. साबूदाणा, वरी, रताळी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. दसऱ्याला काट्यावर चढलो तर काटा उपास न केल्यासारखा वागला.

बेळगावात राहून बारीक होणं मुळातच अवघड. इथे काही आटत असेल तर ते दूध, आणि तेही कुंद्यासाठी. बाकीच्या महाराष्ट्राला मांडे मनातल्या मनात खावे लागतात, आमच्याकडे ते दुकानात मिळतात. खवा-साखरेचे, रुमालासारखे घडी घातलेले. हिला मांडे आवडतात. तिने 'एक घडी' असं प्रमाण ठरवलं होतं. घडी उलगडली की किती होते, हे तिने ग्रुपवर लिहिलं नाही.

शिवाय माणसं. पहाटे मी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाऊ लागलो. टिळकवाडीतलं हे मोठं झाडीचं आवार. कधीकाळी इथे देवीची लस तयार व्हायची. देवी गेली, लस गेली, आता मधुमेही फिरतात. फिरणाऱ्यांत दोन पक्ष असतात, चालत चालत बोलणारे आणि बोलत बोलत बसणारे. मला दुसऱ्या पक्षाने पहिल्याच आठवड्यात सामावून घेतलं. एक फेरी झाली की बाक, बाकावरून उडप्याचं हॉटेल. वाटेत जो भेटेल तो विचारणार, "नाष्टा आतेन्री?" झाला नाही म्हणावं तर ओढून नेतो. झाला म्हणावं तर "काय होता?" विचारतो, आणि उप्पीटाचं वर्णन करता करता आपल्यालाच परत भूक लागते.

पावलांचीही चुरस होती. मोबाइल पावलं मोजतो, ती रात्री ग्रुपवर टाकायची. भाऊ सात हजार, मी चार हजार, आणि दाजी, जे वखारीतल्या गादीवरून उठताना दोघांचा हात धरतात, ते बावीस हजार! रोज! आक्का अभिमानाने फुलली. भाऊ खचला, त्याने पुण्यात नवे बूट घेतले. मग एका दिवशी दाजींची पावलं दीडशे. मुलीने घाबरून फोन केला.

"दाजीमामा, बरं नाही का?"

"मी ठणठणीत हाय."

"मग आज पावलं?"

"आज वखारीला सुट्टी की."

उलगडा असा झाला की मोबाइल रोज सकाळी पोती वाहणाऱ्या एका हमालाच्या कमरेला बांधला जात होता. दाजींना यात गैर काही वाटेना. "मोबाइल माझा, हमाल माझा, वखार माझी. मग पावलं कुणाची?" आयोगाने हा मुद्दा विचारार्थ ठेवून घेतला.

मात्र हमालाच्या निमित्ताने सगळ्यांना एक गोष्ट उमगली. ही स्पर्धा जिंकायला दोन वाटा आहेत, आपलं वजन कमी करणं किंवा इतरांचं वाढवणं. पहिली वाट तवंदी घाटातली चढण, दुसरी नॅशनल हायवे. मी रात्रीच्या पुण्याच्या बसमधून भावाला किलोभर कुंदा धाडला. सोबत चिठ्ठी, 'तुझी आठवण आली.' चार दिवसांत कोथरूडहून बाकरवडी आणि आंबा बर्फी आली. त्यालाही आठवण आली होती. मग मी गोकाकचा करदंट पाठवला: डिंक, सुकामेवा, गूळ. 'डॉक्टरांनी सुकामेवा सांगितलाय ना, हा सुकामेवाच आहे.' निपाणीहून आमच्याकडे काकवीची बरणी आणि शेंगांच्या लाडवांचा डबा आला. आम्ही डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून भरून पाठवला. इतकं प्रेम आमच्या घराण्यात पूर्वी कधी उतू गेलं नव्हतं. सख्ख्या भावंडांनी वर्षानुवर्षं एकमेकांची विचारपूस केली नव्हती, ती आता रोज फोन करून विचारत होती, "जेवलास ना पोटभर?"

भावजय मात्र हुशार. ती म्हणाली, "आम्ही फक्त स्थानिक खातो. कुंदा स्थानिक नाही."

"बेळगावात स्थानिकच आहे की," मी म्हटलं.

"पण मी पुण्यात आहे."

म्हणजे कुंदा कुठल्या राज्याचा हा प्रश्न आला. तोही न्यायप्रविष्ट.

दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून काट्याचा फोटो टाकायचा असा नियम होता. पहिलीच एक तारीख आली ती नोव्हेंबरची. ज्याला बेळगाव माहीत आहे त्याला कळलं असेल. आजोबा म्हैसूर राज्यात उठले ती हीच तारीख. एका बाजूने राज्योत्सवाची मिरवणूक, ढोल, लाल-पिवळे झेंडे. दुसऱ्या बाजूने काळ्या दिनाची सायकल फेरी. दोहोंच्या मधे पोलीस आणि पोलिसांच्या मधे आमची गल्ली. आमच्या घरच्या काट्यावर चढलं की तो 'ई' दाखवतो, म्हणून मी औषधाच्या दुकानात वजन करत असे. ते दुकान बंद. शेजारचे म्हणाले, "सायकल फेरीला जावा की, कॅलरी तरी जातील." ही म्हणाली, "दोन्हींत जावा. चालणंही होईल." मी घरी बसलो. वजन झालं नाही आणि चिवडा झाला, कारण दिवाळी आठवड्यावर आली होती.

दिवाळीबद्दल मी काही लिहिणार नाही.

त्याच नोव्हेंबरात, १६ तारखेला, फ्रान्समध्ये व्हर्सायला जगभरचे वजन-मापवाले जमले आणि त्यांनी किलोची व्याख्या बदलायचं ठरवलं. पॅरिसजवळच्या सेव्र गावी एका तिजोरीत प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल १८८९ पासून ठेवला होता. जगातला खरा किलो तो. त्याच्या प्रती देशोदेशी. शंभर वर्षांनी ताडून पाहिलं तर दंडगोल आणि प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक. म्हणजे न चालता, न उपास करता, तिजोरीत बसून मूळ दंडगोल हलका झाला. की तो होता तेवढाच आणि त्याच्या नातेवाइकांची वजनं वाढली? हे कुणालाच सांगता येईना, कारण मोजायचं कशाशी? ही बातमी मी ग्रुपवर टाकली. दाजींनी ती दोनदा वाचून उत्तर पाठवलं, "म्हणजे किलोच बदलणार असेल तर स्पर्धा थांबवा." नवी व्याख्या मे महिन्यापासून लागू होणार होती आणि तिने भाजीवाल्यालाही फरक पडणार नव्हता, हे मुलीने समजावलं. दाजींनी मेपर्यंत मुदतवाढ मागितली.

भावाचं वेगळंच. त्याने आक्षेप घेतला की बेळगाव अडीच हजार फूट उंचीवर आहे, शिवाय पुण्यापेक्षा विषुववृत्ताला जवळ, त्यामुळे तिथे गुरुत्वाकर्षण कमी आणि बेळगावकरांना फुकटची सूट. मुलीने हिशेब मांडला. सूट आहे, माझ्या वजनाच्या माणसाला साधारण पंधरा ग्रॅमची. भाऊ म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." त्याने ते पंधरा ग्रॅम शेवटपर्यंत सोडले नाहीत. इतर काही सोडलं नाही तसंच.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं. हॉटेलं आमदारांनी आणि अधिकाऱ्यांनी भरली, रस्ते बंदोबस्ताने भरले, आणि मी 'फिरायला जाता येत नाही' असं ग्रुपवर लिहून रोज आठ वाजता उठू लागलो. गंमत अशी की आकडे मात्र उतरत होते. सगळ्यांचेच. काट्याचे फोटो येत, त्यात आकडा स्पष्ट आणि पावलं अर्धीच. टाचा बहुधा फरशीवर. भाऊ चार किलो उतरला, आक्का तीन, मी साडेतीन, दाजी पाच. सगळ्यांचे मिळून एकोणीस किलो ग्रुपवर घटले. ते गेले कुठे हे कुणी विचारलं नाही.

भोगीला सगळे निपाणीत जमलो. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या, लोणी, भोगीची भाजी हे सगळं तयार होतं, पण वजनाआधी कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलेलं. वखारीत जमिनीत बसवलेला मोठा काटा आहे, तंबाखूची पोती त्यावरच तोलतात. पहिले दाजी चढले. काट्याजवळच्या म्हाताऱ्या तोलाऱ्याने सवयीने आरोळी ठोकली, "लाभ!"

बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. भावजय म्हणाली, "लाभ म्हणजे वाढलंय. लिहून घ्या." पंधरा मिनिटं त्यातच गेली.

मग कडत्याचा वाद. दाजी व्यापारी, त्यांच्या मते काट्यावर दिसतं ते वजन नव्हे, त्यातून ओलीची तूट आणि बारदान वजा केल्यावर जे उरतं ते वजन. ते नुकतेच आंघोळ करून आले होते. "केस ओले हायत. शेकडा दोन ओल धरा."

"केस कुठे आहेत?" भावाने विचारलं.

"जिथं हायत तिथं ओले हायत."

हिने साडीचं बारदान मागितलं. आक्काने पाटल्या-बांगड्यांचं मागितलं, आणि ते मागताना सगळ्यांना त्या नीट दाखवल्या. भाऊ काही न बोलता आत गेला आणि टॉवेल गुंडाळून बाहेर आला. दाजींनी तोलाऱ्याला सांगितलं, "टॉवेल आमच्या घरातला हाय, त्याचं वजा करू नको." काकांनी शेवटी लेखी निर्णय दिला की यजमानाच्या काट्यावर यजमानाचं वजन ग्राह्य धरता येत नाही, तटस्थ भूमीवर फेरतोलणी व्हावी. तटस्थ म्हणजे निपाणीही नव्हे, बेळगावही नव्हे. संकेश्वर. ते निपाणीला जास्त जवळ, असा माझा आक्षेप नोंदवून घेतला गेला, आणि मग सगळे भाकरीवर पडले. फेरतोलणी दुसऱ्या दिवशी असल्याने ते नियमात बसत होतं.

संकेश्वरला दाजींच्या ओळखीचा एक मिरचीचा व्यापारी. संकेश्वरी मिरचीचा तो हंगाम. आवारात लालभडक ढीग, पोती, आणि हवा अशी की गाडीचं दार उघडताच आईने ते परत लावून घेतलं. काटा नवा, इलेक्ट्रॉनिक, आकडा लाल अक्षरांत. मी चढलो. आकडा ठरायच्या बेतात आला आणि मी शिंकलो. ७९ चे ८३ झाले, ८३चे ७६.

"७६ लिहा!" मी ओरडलो.

"८३ दिसलंय," दाजी म्हणाले आणि त्यांनाही शिंक आली.

मग भाऊ चढला, तोही शिंकला. ही चढली ती नाकाला पदर लावून. पदर धरायला आक्काने हात दिला तो चुकून काट्यावर टेकला. दाजी चढल्यावर शिंक आमच्यापैकी कुणालाच आली नाही, नेमकी मुनिमाला आली, आणि तो लिहिता लिहिता कागद सोडून पळाला. काका लांब चिंचेखाली उभारून तिथून सगळ्यांना स्तब्ध राहायला सांगत होते. अखेर मुनिमाने तोंडाला टॉवेल बांधला, एकेकाला श्वास रोखून उभं केलं आणि सहा आकडे लिहिले. खाली बेरीजही करून टाकली. त्याच्या हाताला तेच वळण. आणि पावती फाडली.

"तोलाईचे द्या. चार क्विंटल बहात्तर किलो."

मुलीने फोनवरून सांगितलं की नवरात्रात सगळ्यांची मिळून बेरीज चार क्विंटल सत्तर होती.

भावाने कागद हातात घेऊन वरून खाली आणि खालून वर बेरीज केली. ही म्हणाली, "दोन किलो कुणाचे?" सगळे एकमेकांच्या पोटांकडे बघू लागले. दाजींना तेवढा वेळ नव्हता, ते मुनिमाशी पावतीवर भांडत होते.

"बहात्तर कसले? बारदान कुठं वजा केलास? सहा स्वेटर हायत, चार मफलर हायत, बायकांचे दागिने हायत. माणशी दीड किलो काढ."

"बारदान मिरचीला असतंय, मालक."

"का? माणसाला न्हाई?"

"मिरची पोत्यातनं बाहेर काढून पोतं वेगळं तोलता येतंय," मुनीम म्हणाला. "तुम्ही सांगा, काय काय काढून ठेवताय ते. मी तोलतो."

"त्याला पैसे देऊन टाका," आक्का म्हणाली, "आणि गाडीत बसा."